टेबलाखालचा हात

मेल सकाळी सव्वानऊला आली आणि साडेनऊला ऋताने हातातला ओला फडका भिंतीवर फेकून मारला. फडका क्षणभर तिथेच चिकटला आणि मग घसरत घसरत शेगडीच्या मागे जाऊन पडला.

“चौदा मिनिटं!” ती म्हणाली. “चौदा मिनिटं मोजली यांनी घड्याळ लावून. पण एक मिनिट काढून विचारलं नाही की बाई गं, तू करत काय होतीस?”

खरं तर मेल ऋताला आलेलीच नव्हती. ती आली होती तिच्यासोबत राहणाऱ्या यूथिंगला. यूथिंग गरम पाण्याचा कप दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी उभी होती. बाहेर, हॉलंडमधल्या एनस्खेडेत, दोन दिवस बर्फ पडत होता आणि समोरच्या रस्त्यावरून एक बाप दोन पोरांना घसरगाडीवर बसवून ओढत नेत होता. यूथिंग त्याच्याकडे बघत राहिली. तिच्याकडे बघून कुणाला वाटलं असतं, मेल वीजबिलाची असावी.

मेल होती रॉटरडॅमच्या एका परीक्षा कंपनीची. यूथिंगने तीस जानेवारीला इंग्रजीची परीक्षा दिली होती. कोरोनाच्या साथीमुळे परीक्षा घरूनच, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून. कंपनीच्या सॉफ्टवेअरने चित्रफीत तपासली आणि कळवलं: उमेदवाराचा उजवा हात एकूण चौदा मिनिटं टेबलाखाली होता, खांदा सतत हलत होता, ओठही हलत होते. अनधिकृत साधन वापरल्याचा संशय. निकाल राखून ठेवला आहे. सात दिवसांत हरकत घेता येईल, सुनावणी सोमवारी पंधरा तारखेला, अकरा वाजता, ऑनलाइन.

यूथिंग या परीक्षेत याआधी दोनदा नापास झाली होती. विद्यापीठातलं तिचं तयारीचं वर्ष संपत आलं होतं. पंधरा मार्चपर्यंत इंग्रजीचा दाखला दिला तर मटेरियल सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश, नाही तर प्रवेश रद्द, आणि प्रवेशाच्या जोरावर मिळालेला इथला राहण्याचा परवानाही रद्द. पुढची परीक्षा मेमध्ये. म्हणजे गोष्ट साधी होती. हा निकाल सुटला तर यूथिंग इथे राहणार, नाही तर चीनला, हफेईला परत जाणार, तेही विमानं मिळाली तर.

“मी काही साधन वापरलं नाही,” यूथिंग म्हणाली.

“ते मला सांगतेस? मला?” ऋता म्हणाली. “तू काय करत होतीस ते मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत आहे.”

आणि ते खरं होतं.

ऋता मिरजेची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पुण्यात फिजिक्स, मग इथे एम.एस्सी. ते ऑगस्टमध्ये संपलं आणि आता नोकरी शोधायला मिळणारं एक वर्ष चालू होतं. पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात तिने एक शब्द चुकीचा उच्चारला होता आणि अख्खा वर्ग हसला होता. तो शब्द ती आजही कुणाला सांगत नसे. मात्र त्या दिवसापासून तिने वह्या भरून शब्द शिकले, आपल्या पद्धतीने, आणि पुन्हा कुणाला हसू दिलं नाही. त्यामुळे सप्टेंबरमध्ये यूथिंग या दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्यावर तिचं शब्दांचं पुस्तक पाहून ऋताचं डोकं फिरलं.

जाडजूड पुस्तक. पाच हजार इंग्रजी शब्द, एबीसीडीच्या क्रमाने, प्रत्येकापुढे चिनी अर्थ. पहिली वीस पानं मळून काळी झालेली, पुढची कोरी करकरीत.

“पहिला शब्द अबॅन्डन,” यूथिंग म्हणाली होती. “सोडून देणे. चीनमध्ये हा प्रत्येकाला येतो. आम्ही पुस्तक उघडतो, तो पाठ करतो आणि पुस्तक सोडून देतो.”

“हे काय शिकणं आहे? ही तर टेलिफोन डिरेक्टरी झाली!” ऋताने ते पुस्तक फ्रिजवर ठेवून दिलं. तिने बुटांच्या खोक्यात कार्डं केली. एका कार्डावर एक शब्द, आणि त्याच्यासोबत नेहमी फिरणारे दोन-तीन शब्द. एकटा शब्द कधी शिकायचा नाही, त्याच्या सोयऱ्यांसकट शिकायचा. एक दिवसाने, तीन दिवसांनी, सात दिवसांनी, सोळा दिवसांनी तेच कार्ड पुन्हा. विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजता यावं म्हणून ती प्रत्येक बैठक लॅपटॉपवर चित्रित करायची. यूथिंगने हरकत घेतली नाही. “प्रयोगाच्या उंदरांना कुठे विचारतात?” एवढंच म्हणाली होती.

त्या चित्रफितींतच ऋताला यूथिंगच्या बोटाचा शोध लागला.

शब्द आठवताना यूथिंग उजव्या हाताची तर्जनी टेबलावर चालवायची. आपण एखादा फोन नंबर विसरलो की बोटं हवेत बटणं दाबून बघतात, तसं काहीसं. ती त्या अर्थाचं चिनी अक्षर नखाने लिहीत असे. रेघ रेघ करत अक्षर पूर्ण झालं की इंग्रजी शब्द तोंडातून बाहेर पडायचा, जणू कुणी मागून ढकलला. ज्या शब्दासाठी एकच चिनी अक्षर नसेल त्याच्यासाठी ती स्वतःच दोन तुकडे जोडून खूण बनवायची. ऋताने नोंदी तपासल्या. बोटाने लिहिलेले शब्द सोळा दिवसांनी शंभरातले त्र्याऐंशी आठवत होते, न लिहिलेले एकसष्ट. ती इतकी खूश झाली की तिने रॉटरडॅमला मावसभाऊ शैलेंद्रदादाला फोन केला.

“मिरजेची पोरगी हॉलंडात बसून चिनी बाईला इंग्रजी शिकवतेय,” तो म्हणाला. “आता एखाद्या डच माणसाला मोडी शिकव, म्हणजे वर्तुळ पूर्ण.”

टेबल होतं जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेलं, आतून पोकळ. त्यावर नख चाललं की आवाज घुमायचा. लांब रेघेचा सर्र, ठिपक्याचा टिक. नोव्हेंबरपर्यंत ऋता डोळे मिटून रेघा मोजायला शिकली होती.

एक अक्षर तर तिला पाठच होतं. नोव्हेंबरात दोघी भाजी घेऊन बस स्टॉपवर उभ्या असताना तीन पोरांनी यूथिंगकडे बघून नाकाला स्कार्फ लावला आणि “कोरोना, कोरोना” असं गाणं म्हटलं. ऋता त्यांच्या अंगावर धावून गेली. येत होतं तेवढं डच आणि उरलेलं अस्सल मिरजेचं मराठी, दोन्ही तिने त्या पोरांना ऐकवलं. पोरं पळाली. घरी आल्यावरही ती त्या पोरांना शिव्या देत होती, आणि तेव्हा यूथिंगने स्वयंपाकघराच्या वाफाळलेल्या काचेवर तिला एक अक्षर काढून दाखवलं होतं.

“हा राग,” ती म्हणाली. “वर गुलाम. खाली काळीज. नऊ रेघा.”

“गुलामाचं काळीज?”

“काळजावर बसलेला गुलाम म्हण. किंवा तुला हवं ते म्हण. आम्ही नुसतं लिहितो.”

वरच्या पाच रेघा लांब. मग काळजाच्या चार: एक ठिपका, एक वळण, दोन ठिपके. सर्र पाच वेळा, आणि मग टिक, सर्र, टिक, टिक.

असं सगळं होतं. म्हणून मेल आली त्या सोमवारी ऋताला भीती वाटली नाही, फक्त राग आला, आणि तोही चांगला, कामाला लावणारा. एक माणूस आपल्या भाषेत आठवतो, त्याला हे लोक चोर म्हणतात! त्यांच्या सॉफ्टवेअरला फक्त हात दिसतो. हाताने माणूस विचार करतो हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. तिने दोन दिवसांत अकरा पानांचं निवेदन लिहिलं. तक्ते, आलेख, त्र्याऐंशी आणि एकसष्ट.

“यात माझं नाव कुठे आहे?” यूथिंगने विचारलं.

“आहे की. ‘उमेदवार’.”

“हं,” यूथिंग म्हणाली.

“हं काय? तुला राग येत नाही का गं? मीच एकटी किती ओरडू?”

यूथिंगने कप धुतला, पालथा घातला आणि खोलीत निघून गेली. ऋताला तिच्या पाठीचाही राग आला.

गुरुवारी, निवेदनासोबत पाठवायला तीन चांगल्या चित्रफिती निवडाव्यात म्हणून ऋता सगळ्या फिती क्रमाने बघायला बसली. एकूण पासष्ट होत्या. शहरात तळी गोठली होती, अख्खं गाव बर्फावर घसरायला गेलं होतं आणि इमारत अगदी शांत होती. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. बोट टेबलावर. डिसेंबर, दुकानं बंद झाली तो आठवडा. बोट टेबलावर. अठरा जानेवारी, बोट टेबलावर. वीस जानेवारी, बोट नाही.

तिने फीत मागे घेतली, पुन्हा लावली. यूथिंग बसली होती, डावा हात टेबलावर, उजवा खाली. दंड हलत होता. बावीस, तेवीस, पंचवीस, परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत तसंच. मधली एक फीत नकळत ओलांडली गेली होती. एकोणीस जानेवारीची. तो दिवस तिला आठवत होता. निदान तिला तसं वाटत होतं.

एकोणीस जानेवारीला तिला आयंटहोवनच्या एका कंपनीने नकार दिला होता. चार मुलाखती झाल्यावर, दोन ओळींत. मेल आली तेव्हा बैठक चालू होती. आपण त्या दिवशी जरा चिडलो होतो, यूथिंगला काहीतरी बोललो होतो, दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पोहे केले, यूथिंग “ठीक आहे” म्हणाली. एवढंच तिच्या लक्षात होतं.

फितीत ते असं होतं. ऋता फोनवर काहीतरी वाचते आहे. यूथिंगचं नख टेबलावर चालतं आहे, सर्र, टिक, सर्र. ऋता फोन आपटते.

“बंद कर तो आवाज! कोंबडीसारखं काय खरवडत असतेस दिवसभर? तुम्ही लोक आधी सगळ्या जगाला हा रोग देता आणि वर मी तुमचं हे खरवडणंही ऐकायचं? हात खाली घे. टेबलाखाली. मला दिसता कामा नये.”

यूथिंग काही क्षण तिच्याकडे बघते. मग हात उचलते आणि मांडीवर ठेवते. फितीतली ऋता कार्ड उचलते आणि पुढचा शब्द विचारते. यूथिंगचा दंड हलतो. ती बरोबर उत्तर देते.

ऋताने लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला आणि आपला तक्ता काढला. तक्त्यात ते होतंच. उत्तराला लागणारा वेळ एकोणीस जानेवारीपर्यंत सरासरी एक पॉइंट आठ सेकंद, त्यानंतर दोन पॉइंट सहा. शेजारी तिच्याच हाताची टीप: ‘परीक्षेचा ताण?’ सेकंदाचा दहावा भाग मोजणाऱ्या बाईला अकरा दिवस समोर बसलेल्या माणसाचा हात दिसला नव्हता. ‘दिसता कामा नये’ म्हणाली होती ना. दिसला नाही.

शुक्रवारी तिने शैलेंद्रदादाला सगळं सांगितलं.

“मग डिलीट कर आणि मोकळी हो,” तो म्हणाला. “जुन्या तीन पाठव. सवय आहे एवढंच सिद्ध करायचंय ना?”

“आणि त्यांनी विचारलं, हात खाली का गेला, तर?”

“ते ती सांगेल. तिची परीक्षा आहे. ऋते, ऐक माझं. तुझं नोकरीचं वर्ष चालू आहे. असली क्लिप एकदा कुठे गेली की संपलीस. लोक काय, संदर्भ बघतात होय? सगळेच बोलले तसलं त्या वर्षात. मी नाही बोललो? आपल्या वॉट्सॅप ग्रुपवर काय काय चालायचं?”

“मी बस स्टॉपवर त्या पोरांना मारायला निघाले होते, दादा.”

“मग? ती पोरं वेगळी, तू वेगळी.”

“काय वेगळं आहे सांग. त्यांनी निदान गाणं तरी म्हटलं.”

“तुला काय आता संत व्हायचंय का? जेव जरा नीट.”

तिने फोन ठेवला. तिला दादाचा संताप आला, कारण तो नेमकं तेच बोलला होता जे ती गुरुवारपासून मनात बोलत होती. तिने फीत डिलीट केली नाही. पण पाठवलीही नाही. जुन्या तीन पाठवल्या. शनिवार, रविवार ती यूथिंगशी सुनावणीची तयारी करत राहिली, ठणठणीत आवाजात, आणि एकदाही तिच्या उजव्या हाताकडे बघितलं नाही. यूथिंगने त्या फितींबद्दल विचारलं नाही. पासष्टपैकी कुठल्या तीन, एवढंसुद्धा नाही.

सोमवारी बर्फ वितळायला लागला होता. गच्चीवरून पाणी ठिबकत होतं. अकराला दोघी टेबलापाशी शेजारी शेजारी बसल्या, यूथिंग उमेदवार, ऋता साक्षीदार. पडद्यावर कंपनीची दोन माणसं आली. एक करड्या केसांच्या बाई, त्या अध्यक्ष. दुसरा एक तरुण, टिपणं घेणारा.

ऋताने सात मिनिटं बोलून घेतलं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. ऋता मनातून भांडायला आली होती आणि समोर कुणी भांडतच नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज उगाच चढत गेला.

“फार रोचक आहे,” बाई म्हणाल्या. “खरंच. मला हे माहीत नव्हतं. मिस, तुम्ही आम्हाला करून दाखवाल? मी एक शब्द देते. ‘अनिच्छा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सांगा, आणि नेहमी करता तसं करा.”

यूथिंगचा दंड हलला. हात टेबलाखालीच होता.

“कृपा करून हात वर घ्या. आम्हाला दिसला पाहिजे.”

यूथिंगने हात टेबलावर ठेवला. तर्जनी पुढे काढली. बोट तसंच राहिलं. पाच सेकंद, दहा सेकंद. गच्चीवरचं पाणी ऐकू येत होतं.

“मी टेबलावर करत नाही,” ती म्हणाली.

बाईंनी कागद उलटला. “पण तुम्ही पाठवलेल्या तिन्ही फितींत तुम्ही टेबलावरच करता आहात. शेवटची बारा जानेवारीची आहे. परीक्षा तीस जानेवारीला. म्हणजे अडीच आठवड्यांत वर्षानुवर्षांची सवय बदलली आणि हात नेमका कॅमेऱ्याच्या बाहेर गेला. मला हे समजून घ्यायचंय. का?”

“आता करत नाही.”

“हो, पण का?”

“मला आठवत नाही.”

तरुणाने काहीतरी टिपून घेतलं. बाई चष्मा काढून म्हणाल्या, “तुम्ही समजून घ्या, या उत्तरावर मी निकाल सोडू शकत नाही.”

ऋताने यूथिंगकडे बघितलं. यूथिंग पडद्याकडे बघत होती, मान ताठ, आणि तिच्या जबड्याची शीर उडत होती. तेव्हा ऋताला पहिल्यांदा कळलं की यूथिंगला राग येत नाही असं आपण जे मानून चाललो होतो ते साफ चुकीचं आहे. हा राग होता, बऱ्याच दिवसांचा, आणि त्याचं तोंड कंपनीकडे नव्हतं. यूथिंगला सगळं आठवत होतं. ती एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, आणि ती ते वाक्य बोलणार नव्हती. परत जाईल, पण बोलणार नाही.

“आणखी एक फीत आहे,” ऋता म्हणाली.

आपलाच आवाज तिला परका वाटला.

“ती का पाठवली नाही?” बाईंनी विचारलं.

“कारण तीत मी आहे.”

तिने पडद्यावर फीत लावली. चाळीस सेकंदांची होती. तिने ठरवलं होतं की आपण खिडकीबाहेर बघायचं, पण बघत राहिली ती फीतच. कोंबडी. तुम्ही लोक. रोग. टेबलाखाली. दिसता कामा नये. मग यूथिंगचा हात उचलला गेला आणि खाली गेला, कार्ड उचललं गेलं, आणि बरोबर उत्तर.

तरुण टिपणं घ्यायचं विसरला होता.

“हे तुम्ही बोललात,” बाई अखेर म्हणाल्या.

“हो.”

“आणि त्यानंतरच्या बैठकांच्या फिती?”

“सात आहेत. सगळ्यांत हात खाली आहे. आत्ता पाठवते.”

“पाठवा.” बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्या ऋताशी बोलत नव्हत्या. “मिस, तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही,” यूथिंग म्हणाली. “मला निकाल हवा आहे.”

निकाल बुधवारी दुपारी आला. संशय मागे घेतला आहे, उमेदवार उत्तीर्ण. गुणही हवे होते त्यापेक्षा थोडे जास्तच. यूथिंगने मेल दोनदा वाचली, विद्यापीठाच्या पत्त्यावर पुढे पाठवली आणि लॅपटॉप मिटला. ऋता ओट्यापाशी उभी होती. तिला अभिनंदन म्हणायचं होतं, पण तो शब्द म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तिला ठरवता येईना.

“तुला ती फीत कधी सापडली?” यूथिंगने विचारलं.

“गुरुवारी.”

“गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवार.” यूथिंगने बोटांवर मोजले. “चार दिवस ती तुझ्याकडे होती, आणि तू माझी तयारी करून घेत होतीस.”

“मला वाटलं लागणार नाही ती. जुन्या फितींवर भागेल. मी खरंच...”

“तुला वाटलं मी सांगेन.”

तेही वाटलं होतं.

“ते शब्द माझे नव्हते,” यूथिंग म्हणाली. तिचं इंग्रजी आज अडखळत नव्हतं, एकेक शब्द दगडासारखा ठेवल्यासारखा येत होता. “मी ते परक्या बाईसमोर का उच्चारू? माझ्या तोंडाने? ज्याचे आहेत त्याने म्हणावेत. मी वाट बघत होते. मेल आल्यापासून वाट बघत होते, आणि तू फडका फेकत होतीस. कंपनीवर, सॉफ्टवेअरवर. मला म्हणालीस, तुला राग येत नाही का.”

“यूथिंग, त्या दिवशी मला ती नोकरीची मेल...”

“मला माहीत आहे. तू पोहे केलेस तेव्हा सांगितलंस. नोकरीचं सांगितलंस, ताणाचं सांगितलंस. तू काय बोललीस ते नाही सांगितलंस.” ती थांबली. “त्या दिवशी मी गप्प बसले ते मला शब्द येत नव्हते म्हणून नाही. तुला उत्तर द्यायला लागतात ते सगळे शब्द मला येत होते. तूच शिकवले होतेस, त्यांच्या सोयऱ्यांसकट. मी ते वापरले नाहीत, कारण अकरा दिवसांवर परीक्षा होती आणि कार्डं तुझ्याकडे होती.”

ऋता ओट्यापासून हलली नाही. हे उभं राहून ऐकायचं, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं.

“चूक झाली,” ती म्हणाली. “मी जे बोलले ते त्या पोरांसारखंच होतं. त्यांच्यापेक्षा वाईट, कारण तू माझ्या घरात होतीस आणि तुला पळून जाता येत नव्हतं.”

“हो,” यूथिंग म्हणाली. तिने ते खोडलं नाही, मऊही केलं नाही. “एक मार्चपासून मला शेजारच्या हेंगेलोला खोली मिळाली आहे. मी सोमवारीच त्यांना हो कळवून टाकलं होतं, सुनावणी संपल्यावर.”

“बरं.”

“एकोणतीस कार्डं राहिली आहेत. सोळा दिवसांवाली.”

ऋताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “परीक्षा तर झाली.”

“परीक्षा झाली. शब्द मला पुढेही लागणार आहेत.” यूथिंगने खोकं टेबलाच्या मधोमध ओढलं. “कॅमेरा नको.”

ऋता समोर बसली. तिने पहिलं कार्ड उचललं. शब्द अगदी साधा होता, अंदाज बांधणे. तिने अर्थ वाचला आणि वाट बघितली.

यूथिंगने उजवा हात मांडीवरून उचलला आणि टेबलावर ठेवला. नख लाकडाला टेकवलं, जोर देऊन, आणि लिहायला सुरुवात केली. पोकळ टेबल घुमलं. सर्र. सर्र. सर्र. सर्र. सर्र. आणि मग सावकाश, एकेक वेगळं ऐकू येईल असं, टिक, सर्र, टिक, टिक.

“एस्टिमेट,” ती म्हणाली. उत्तर बरोबर होतं.

अंदाजाच्या चिनी शब्दाला अकरा रेघा लागतात, हे ऋताला ठाऊक होतं. आता ऐकलेल्या नऊ होत्या: पाच वरच्या, चार काळजाच्या. तिने मान खाली घातली नाही. कार्ड बरोबरच्या ढिगावर ठेवलं आणि पुढचं उचललं. यूथिंगचं बोट पुन्हा टेबलावर आलं, आणि पुन्हा तेच अक्षर सुरू झालं, पहिल्या रेघेपासून.